मडलार्कची मागची सीट

निपाणी जवळ आली, हायवेवरनं गाडी गावाकडं वळली, की मला पहिली शिंक येते. माघाचे दिवस असले तर हमखास. रानात कापलेला तंबाखू पसरून वाळत पडलेला असतो, वखारींतनं चाळण्या सुरू झालेल्या असतात, आणि सगळ्या गावावर तंबाखूचा खाट, तो उग्र वास, चढलेला असतो. तिखट, जरासा गोडूस, नाकातनं थेट कपाळात जाणारा. गावच्या लोकांना त्याचं काही नाही. शिंकतं ते पाहुणं. परवा एका लग्नाला गेलो तेव्हा मी अशीच ओळीनं शिंकत सुटले, आणि शेजारी बसलेले आमचे हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हंगाम सुरू झाला." एवढंच. आणि माझ्या पोटात ते जुनं दुखणं परत सुरू झालं. औषधानं जाणारं नव्हे, दुसऱ्याचं बरं बघून होतं ते.

मला एक सवत आहे. तिचं नाव मडलार्क.

हसू नका. सवत काय दोन पायांचीच असते असं नाही. माझी चार चाकांची आहे. रंग शेवाळी हिरवा, वरनं उघडी, पुढची काच बॉनेटवर पाडता येते, आणि तोंडावर वटारल्यासारखे दोन दिवे. मूळची विलायतेची. खरी मडलार्क मी बघितलेली नाही, आणि आमच्या ह्यांनीही नाही. खऱ्या मोजक्याच झाल्या होत्या, त्याही नमुना म्हणून. न बघितलेल्या बाईवर माणूस एवढा भाळतो हे मी पुराणात ऐकलं होतं, टिळकवाडीत आपल्याच घरी बघावं लागेल असं वाटलं नव्हतं.

हे टेक्निकल शाळेत टर्निंग-फिटिंग शिकवायचे. सगळे त्यांना सर म्हणतात. निवृत्त झाल्यावरची वर्षं माझी, असं मी धरून चालले होते. आयुष्यभर ते मुलांना शिकवत राहिले, घरी आले की तोंडाला कुलूप. "भाजी कशी झालीय?" "हं." "मंगळवारी बहिणीकडं जायचं का?" "बघू." मी म्हणायची, दमत असतील, शाळा संपू दे, मग बोलतील. कणकुंबीला जायचं ठरलं होतं. तिथं नदी उगम पावते, झाडीत बसून घरचा डबा खायचा, आणि दिवसभर नुसत्या गप्पा मारायच्या. "निवांत जाऊ" असं त्यांनी मला लग्नानंतर लगेच सांगितलं होतं. निवांत आला, आणि त्याच्या मागोमाग ही बया आली.

रद्दीच्या दुकानात त्यांना एक जुनं इंग्रजी मासिक मिळालं. त्यात बोटभर फोटो. त्या दिवशी जेवताना हे आपणहून बोलले. मी भाकरी तव्यावर टाकून तशीच उभी. काय बोलले, तर महायुद्ध संपलं तेव्हाची गोष्ट. ब्रिटिश फौजेनं लढाईत अमेरिकेच्या जीपगाड्या वापरल्या होत्या. काम फक्कड झालं, पण मनाला लागलं. दुसऱ्याच्या मिक्सरवर किती दिवस चटणी वाटायची? तेव्हा त्यांनी ठरवलं, आपली स्वतःची गाडी करायची, आणि जीपपेक्षा काकणभर सरस. पहिला नमुना केला तो काही धड जमला नाही. मग दुसरा केला, तीच ही मडलार्क. तिला सुधारून सुधारून तिसरी केली, ती दुसरंच नाव घेऊन फौजेत गेली. तीही फार टिकली नाही. महाग, जड, दुरुस्तीला अवघड. शेवटी शेतकऱ्याच्या कामाची एक साधी गाडी आली आणि तिनं त्या तिसरीची जागा घेतली.

"म्हणजे जळफळाटातनं केलेली गाडी," मी म्हणाले.

"तर काय!" हे खूश होऊन म्हणाले. "पण काय डोकं लावलंय बघ. पाच गिअर पुढं जायला, आणि तेच पाचच्या पाच मागं यायला. जेवढ्या जोरात पुढं, तेवढ्याच जोरात मागं."

"मागं कशाला एवढ्या जोरात?"

"फौजेला काय कधी पळायला लागत न्हाय?"

भाकरी करपली. ह्यांनी ती करपलेली भाकरी न बोलता खाल्ली, आणि पुसटसा तो फोटो ताटाशेजारी ठेवून खाल्ली. "तिघींतली मधली मला आवडते," म्हणाले. "पहिली म्हणून कौतुक न्हाय, शेवटची म्हणून मान न्हाय. कुणी विचारलंच न्हाय बिचारीला." माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, अहो, मलाही कोण विचारतंय? पण गिळलं.

मग ठरलं, तशी गाडी आपण करायची. करायला जागा पाहिजे. आमच्या अंगणात स्कूटर आडवी लावली तर तुळशीला प्रदक्षिणा घालता येत नाही. जागा दिली आक्कांनी. आक्का म्हणजे ह्यांची चुलत बहीण, ह्यांच्याहून थोरली, निपाणीला तंबाखूवाल्यांच्या घरात दिलेली. धंदा आता पूर्वीसारखा राहिलेला नाही, त्यांच्या दोन वखारींतली एक रिकामीच होती. "आण की रं तुझं लोखंड हिथं. उंदरं तरी पळतील," असं त्यांनी फोनवर सांगितलं म्हणे. झालं. त्या साली थंडी पडायला सुरुवात झाली आणि ह्यांच्या निपाणीच्या वाऱ्या सुरू झाल्या. आधी फक्त रविवारी. मग रविवार आणि बुधवारी. मग कुठला वार राहिला नाही.

भंगारातनं एका जीपचा सांगाडा आणला. मडलार्क करायची ती जीपच्याच हाडांवर, हे त्यातलं गमतीचं. पत्र्याचं काम करायला तिथलाच एक माणूस. ह्या सगळ्या बातम्या मला शेजारणीकडनं कळायच्या, कारण आमच्या शेजारणीचा भाऊ निपाणीला असतो. आमचे हे संध्याकाळच्या बसनं यायचे, हात धुवायचे, जेवायचे, "हं" म्हणायचे आणि झोपायचे. मी त्यांचा शर्ट धुवायला घेतला की त्याला तंबाखूचा खाट. तंबाखूला कधी बोटही न लावलेल्या माणसाच्या शर्टाला! न्हाणीत मी एकटी शिंकत बसायची. नाकाला मिरच्या झोंबणं म्हणजे काय ते मला त्या हंगामात नीट कळलं.

संक्रांत झाली, हळदीकुंकवं सुरू झाली. आमच्या टिळकवाडीत त्या दिवसांत एकेका संध्याकाळी तीन-तीन घरची बोलावणी असतात. तिळगूळ घ्यायचा, वाण घ्यायचं, आणि बरोबर दोन टोमणेही पदरात घ्यायचे. "सर हल्ली दिसत नाहीत बाई, निपाणीला असतात म्हणे?" "हो, गाडी करतात तिथं." "गाडी? स्वतःची?" आणि मग ते हसू, पदराआडचं. माझा तिळपापड व्हायचा. घरी येऊन मी वाणात आलेल्या प्लास्टिकच्या वाट्या फडताळात आपटायची. आज त्या वाट्या फुटायला आल्यात, पण तो राग बघा, अजून धडधाकट आहे.

एक दिवस मी न सांगता निपाणीला गेले. बहिणीकडं जाते म्हणून निघाले आणि उलट दिशेची बस पकडली. वखारींचा तो लांब बोळ, दोन्ही बाजूला उंच भिंती, दारादारांत तंबाखूच्या बोदांची, भल्यामोठ्या पोत्यांची, थप्पी. नाकातोंडावर फडकी बांधलेल्या बायका कामाला वाकलेल्या. मी पदर नाकाला लावून चालले होते, आणि शेवटच्या वखारीतनं मला ह्यांचा आवाज ऐकू आला.

हे बोलत होते. अहो, बोलत होते म्हणजे काय, धबधबा! पत्रेवाल्याशी कानडीत, आक्कांशी मराठीत. मध्येच हसणं. आणि ते हसणं मी ओळखलं. लग्न ठरलं तेव्हा ऐकलं होतं, मग ते कुठं गेलं मला ठाऊक नव्हतं. निपाणीला ठेवलं होतं तर! दोन-दोन भाषांत बोलणारा माणूस घरात एकाही भाषेत बोलत नव्हता. मी दाराशी उभी राहून ऐकत राहिले. गाडीच्या बॉनेटवर ह्यांचा हात होता, सहज, खांद्यावर ठेवावा तसा. आक्का खुर्चीवर बसून शेंगा सोलत होत्या आणि विचारत होत्या, "मग त्या मधल्या दांडक्यानं काय व्हतंय रं?" आणि हे सांगत होते, रिक्षाला असतो ना आक्का, उलटं जायचा वेगळा दांडा, तसंच. तो दांडा टाकला की सगळेच्या सगळे गिअर उलटे. मुलाला समजवावं तसं, एकेक शब्द सोडवून. मला कधी साधा गॅसचा रेग्युलेटर समजावून सांगितला नव्हता.

मी शिंकले. सगळे वळले.

"अगो बाई, तू!" आक्का म्हणाल्या. "ये की आत. बघ तुझ्या दादल्याचा संसार."

ह्यांनी बॉनेटवरचा हात काढला. "तू कशी काय?" एवढं म्हणाले, आणि बोलणं बंद. मी आले आणि नळ बंद झाला. त्या एका क्षणी मला त्या हिरव्या पत्र्याचा जेवढा हेवा वाटला तेवढा मी जन्मात कुणाचा केलेला नाही. आक्कांचाही वाटला. आक्का तर मला अशाच कायम आवडायच्या, मोकळ्या, तोंडाळ. पण ह्यांच्याशी बोलायला त्यांना काही करावं लागत नाही, नुसत्या शेंगा सोलत बसल्या तरी चालतं, हे मला सहन झालं नाही. चहा घेतला, बरी आहे म्हणाले, आणि पहिल्या बसनं परत आले. येताना एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, सर्दी झालीय का? मी हो म्हणाले.

गाडी रथसप्तमीला बाहेर काढायची ठरली. रथाचा दिवस, दुसरा कुठला मुहूर्त बघणार? पूजेला मी पाहिजे असा निरोप आक्कांनी दिला. मी गेले. सवतीची ओटी भरायची वेळ येते तेव्हा नीट लुगडं नेसून जावं, म्हणून मोरपंखी इरकल नेसून गेले. बॉनेटवर स्वस्तिक काढलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. लिंबं ठेवताना वाटलं, ही चिरडली की माझी दृष्टसुद्धा निघून जाईल काय? कारण तिला सगळ्यांत जास्त माझीच लागली होती. नवी कोरी, चकाकणारी, काय दिसत होती मेली! सुंदर होती हो. ते मी नाही म्हणणार नाही.

आता पहिली फेरी. मारुतीच्या देवळापर्यंत जायचं आणि यायचं. पुढं दोन सीट, एक चालवणाऱ्याची, एक शेजारची. मागं एक आडवा बाक, मूळ गाडीत फौजेचं सामान असायचं तिथं. सगळा हंगाम मी एका गोष्टीसाठी काढला होता: बनायची ती बनू दे, पण पहिल्या फेरीला ह्यांच्या शेजारी मी बसणार. सवतीच्या मांडीवर बसून, सगळ्या निपाणीदेखत. तेवढं मिळालं की माझं समाधान.

पण आपल्यात एक रीत असते. मोठी नणंद उभी असताना भावजयीनं आपणहून पुढं बसायचं नसतं. आधी म्हणायचं, "तुम्ही बसा." मग तिनं म्हणायचं, "छे गं, तूच बस." मग आपण म्हणायचं, "असं कसं, मान तुमचा." मग तिनं दंडाला धरून आपल्याला बसवायचं. एवढं झालं की कुणाचा मान जात नाही आणि ज्याला बसायचं तो बसतो. जन्मभर मी हे केलंय, पाटावर बसताना, फोटोत उभी राहताना, हळदीकुंकवाला. कधी चुकलं नाही. म्हणून मी तोंड भरून म्हणाले, "आक्का, बसा की तुम्ही पुढं."

"बरं बाई," आक्का म्हणाल्या, आणि लुगडं सावरून चढून बसल्या.

आता काय बोलणार? शब्द माझेच. हे स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडं बघत होते, जणू त्यांचा ह्याच्याशी काही संबंध नाही. पत्रेवाल्यानं हात दिला आणि मी मागच्या बाकावर, एकटी, मध्यभागी, मोरपंखी इरकल नेसलेली, फौजेच्या सामानासारखी बसले. डोळ्यांत पाणी आलं. खाट होताच, त्यामुळं कुणाला काही विचारायचं कारण पडलं नाही.

आणि मग हे म्हणाले, "आक्का, धरून बसा." मधला दांडा टाकला.

गाडी वखारीत तोंड घालून उभी होती, हे कुणाच्या लक्षातच नव्हतं. बोळात वळवायला जागा नाही. गाडी निघाली ती उलटी. चारी लिंबं फुटली, आणि बोळ माझ्या बाजूनं उघडत गेला. माझ्या! मी बाकावरच मागं वळले, तर वारं माझ्या तोंडावर, वाट माझ्यासमोर, बायका काम टाकून उभ्या राहिल्या त्या मला बघायला. आक्का बिचाऱ्या वखारीच्या भिंतीकडं तोंड करून लांब लांब चालल्या होत्या. "अरं, मला काय दिसंना! सगळं मागंच चाललंय की रं!" त्या ओरडत होत्या, "थांबीव! फिरीव तिला!" दुसरा गिअर, तिसरा गिअर. मी बाकाच्या कडेला गच्च धरून हसत होते की रडत होते कोण जाणे.

आणि पुढं तोंड फिरवलं, तर हे माझ्याकडं बघत होते.

उलटी गाडी चालवायची म्हणजे मान मागं वळवूनच चालवावी लागते, हे मला ठाऊक आहे. मी काही खुळी नाही. पण मागं मी होते. एक हात स्टिअरिंगवर, एक हात आक्कांच्या सीटच्या पाठीवर, मान पूर्ण वळवलेली, आणि डोळे सरळ माझ्या तोंडावर. एवढा वेळ, एवढं एकटक, त्यांनी मला कधी बघितलं होतं? अंतरपाटाच्या वेळीही भटजी मध्ये होते. मी पदर सारखा केला. कपाळावरचे केस मागं सारले. बोळ संपला, चौक आला. चौकात चांगली ऐसपैस जागा होती, तिथं गाडी वळवता आली असती. ह्यांनी वळवली नाही. तशीच उलटी नेली मारुतीच्या देवळापर्यंत. चवथा गिअर, पाचवा गिअर. मान वळलेली ती वळलेलीच.

येताना मात्र गाडी सुलटी आली. आक्कांनी त्यांना देवळाच्या दारात सगळ्यांदेखत झापलं होतं, म्हणून. येताना मला आक्कांचा अंबाडा दिसत होता आणि ह्यांचं टक्कल.

ह्याला आता बरेच हंगाम झाले. मडलार्क निपाणीच्या त्याच वखारीत असते, ताडपत्री पांघरून. आमचं घरातलं बोलणं होतं तेवढंच राहिलं. खोटं कशाला सांगू? कणकुंबीला एकदा जाऊन आलो, झाडीत बसून डबा खाल्ला, हे दोन वेळा "हं" म्हणाले. ह्या थंडीत आमच्या इथल्या कॅम्पातल्या मैदानावर जुन्या गाड्या मांडल्या होत्या, तिथं मडलार्कला बोलावणं आलं. आम्ही नेली. पोरंसोरं, बायाबापड्या, सगळे तिच्याभोवती. कुणाला ती कोण ते ठाऊक नाही, पण प्रत्येकाला तिच्याबरोबर फोटो पाहिजे. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, पण हिचं कुठंही विकतं. मी तिच्या मडगार्डला टेकून उभी होते. एका कॉलेजातल्या पोरीनं मोबाइल वर धरला आणि म्हणाली, "काकू, जरा बाजूला होता का? गाडी पूर्ण येत नाही." मी बाजूला झाले. काय करणार? ह्या वयात एका पत्र्यापायी भांडत बसू?

पण परवाच्या त्या लग्नाहून परत येताना, नाकात निपाणीचा तो खाट अजून बसलेला असताना, माझ्यानं राहवलं नाही. घरी आलो. हे आरामखुर्चीत बसून सॉक्स काढत होते. इतकी वर्षं मी जे विचारलं नव्हतं, कारण उत्तराची धास्ती होती, ते दारातच, चप्पल काढता काढता विचारून टाकलं.

"अहो, एक खरं सांगा. त्या रथसप्तमीला, गाडी उलटी नेलीत तेव्हा, तुम्ही माझ्याकडं बघत होता की रस्त्याकडं?"

ह्यांनी काढलेला सॉक्स झटकला. मला वाटलं, आता येतं "हं".

"रस्त्याकडंच," हे म्हणाले. "रस्त्याकडं न्हाय बघितलं तर गाडी भिंतीत जाईल की गं."

मी आत जायला वळले. वाटलं होतंच.

"पण तू मधी होतीस न्हवं," मागनं आवाज आला. "तुला सोडून रस्ता कुठं दिसत होता? म्हणून तर चौकात वळवली न्हाय."